फिरत्या मंडळीचा पाळक

टेनिसच्या ग्रँड स्लॅम स्पर्धेत एकेरीच्या मुख्य गटात १२८ खेळाडू उतरतात. पहिल्या फेरीअखेर त्यांतले ६४ बाहेर पडतात, दुसरीनंतर ३२ उरतात, आणि पंधरवडा संपतो तेव्हा न हरलेला असा एकच खेळाडू शिल्लक असतो. बाकीच्या १२७ जणांच्या वाट्याला पराभव येतो, आणि तोही बहुतेकांना घरापासून हजारो मैल दूर, परक्या शहरात. छायाचित्रकार विजेत्याभोवती गर्दी करतात. हरलेला खेळाडू रॅकेटांची पिशवी खांद्यावर टाकतो, स्नान उरकतो आणि पुढच्या गावचे विमान केव्हा सुटते याची चौकशी करू लागतो. त्या घटकेला त्याच्याकडे कोण जाते? प्रशिक्षक जातो, पण त्याला चुका सांगावयाच्या असतात. व्यवहार पाहणारा प्रतिनिधी जातो, पण त्याचे लक्ष पुढच्या करारावर असते. आईबाप दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला असतात. आणि गेल्या काही दशकांपासून काही स्पर्धांच्या ठिकाणी आणखी एक मनुष्य त्याच्याशेजारी येऊन बसताना आढळतो. त्याला गुणफलकाशी काही कर्तव्य नसते. तो या खेळाडूंबरोबर गावोगाव फिरणारा ख्रिस्ती धर्मोपदेशक होय. इंग्रजीत त्याला चॅप्लेन म्हणतात.

चॅप्लेन हा शब्द मोठा गमतीचा आहे. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा एक रोमन शिपाई फ्रान्समधील आमिआँ गावाच्या वेशीवर आला असता त्याला थंडीने कुडकुडणारा भिकारी दिसला. मार्टिनने तलवारीने आपला झगा दुभंगला आणि अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे. हाच मार्टिन पुढे तूर येथे बिशप झाला व संत म्हणून पूजिला गेला. त्याच्या झग्याचा उरलेला तुकडा फ्रँक राजे पवित्र ठेव म्हणून जपत आणि लढाईवर जाताना बरोबर नेत. लॅटिनमध्ये त्या लहान झग्याला 'कापेला' म्हणत. तो जेथे ठेवीत ते स्थान चॅपेल झाले आणि तो सांभाळणारा पुरोहित चॅप्लेन झाला. म्हणजे चॅप्लेन हा मुळातच एका गावी ठाण मांडून बसणारा पुजारी नव्हे. ज्यांना देवळापर्यंत जाता येत नाही, त्यांच्याबरोबर तो देऊळ घेऊन निघतो.

अशा माणसाची कल्पना मराठी वाचकाला अगदी नवखी वाटावयाचे कारण नाही. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना पलटणीतले पंडितजी ठाऊक असतात. भारतीय सैन्यात जवानांच्या धर्माप्रमाणे पंडित, मौलवी, ग्रंथी वा पाद्री यांची अधिकृत नेमणूक होते, आणि पलटण जाईल तेथे तेही जातात. गोमंतकातील दर्यावर्दी कुटुंबांना याचे दुसरे रूप माहीत आहे. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात गोव्याच्या गावागावांनी आपापली 'कूड' उभारली. बोटीची वाट पाहणारा खलाशी तेथे पथारी टाकी, आणि संध्याकाळी गावच्या संताच्या वेदीपुढे सर्वांनी मिळून रोझारीची प्रार्थना म्हणावी असा तेथील दंडक असे. बंदरोबंदरी खलाशांची विचारपूस करणाऱ्या ख्रिस्ती संस्था आहेत, आणि सर्कसच्या तंबूत जाऊन उपासना चालविणारे पाद्रीही आहेत. टेनिसपटूंचा चॅप्लेन हा याच कुळातला. फरक इतकाच, की पलटणीला छावणी असते आणि सर्कशीला तंबू असतो. टेनिसपटूंना मात्र सर्वांचे म्हणून एक घर कोठेच नाही.

व्यावसायिक टेनिसचे आजचे स्वरूप १९६८ पासूनचे आहे. त्या वर्षी हौशी व व्यावसायिक हा भेद मोडून मोठ्या स्पर्धा सर्वांना खुल्या झाल्या. त्या वर्षीच्या विंबल्डनमध्ये पुरुष विजेत्याला २००० पौंड व महिला विजेतीला ७५० पौंड मिळाले. २०२५ मध्ये हीच रक्कम दोघांनाही प्रत्येकी ३० लाख पौंड होती. हा आकडा वाचून टेनिसपटू म्हणजे कुबेर असा समज होतो. पण क्रमवारीत शंभराच्या पुष्कळ खाली असलेल्या खेळाडूची रोजनिशी निराळी असते. विमान, हॉटेल, प्रशिक्षकाचे वेतन, रॅकेटच्या तारा, सारे ज्याचे त्याने पाहावयाचे. संघ नाही, मासिक पगार नाही. हरला तर आठवड्याची मिळकत तेथेच थांबते, खर्च थांबत नाही. हंगाम जानेवारीत ऑस्ट्रेलियाकडे सुरू होतो आणि नोव्हेंबरपर्यंत चालतो. २०१८ मध्ये जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र ओपन भरली, आणि तिसऱ्या आठवड्याच्या आरंभी मेल्बर्नची ग्रँड स्लॅम सुरू झाली. बालेवाडीची ती स्पर्धा २०२३ नंतर तेथे राहिली नाही. फिरत्या जत्रेतली राहुटी उठावी तशी ती उठली.

जुन्या नाटक मंडळ्यांचे बिऱ्हाड बेळगाव, हुबळी, इंदूर, बडोदे असे हलत असे, याची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. पण नाटक मंडळीचे जेवण एका पंगतीत होई, आणि रात्रीचा प्रयोग पडला तर तो सर्वांचा मिळून पडे. टेनिसच्या मंडळीत शेजारच्या खोलीत राहणारा मित्र हाच उद्याचा प्रतिस्पर्धी असतो. कोर्टावर तर खेळाडू पुरता एकटा. सामना चालू असताना प्रशिक्षकाने त्याला सूचना करू नये, असा ग्रँड स्लॅम स्पर्धांत दीर्घकाळ कडक नियम होता. २०२२ पासून तो प्रयोगादाखल सैल झाला आणि २०२५ पासून कोर्टाबाहेरून चार शब्द सांगण्याची मुभा नियमांत आली. तरीही चेंडू मारावयाचा तो एकट्यानेच, आणि चुकला तर मान खाली घालावयाची तीही एकट्यानेच.

या एकटेपणात अलीकडे एक नवीन छळ शिरला आहे. हरलेला खेळाडू खोलीवर येऊन भ्रमणध्वनी उघडतो तो त्यावर शिव्यांचा पाऊस पडलेला असतो. महिला टेनिसची संघटना आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ यांनी २०२४ सालाचा जो अहवाल दिला, त्यात ४५८ खेळाडूंना उद्देशून सुमारे ८००० शिवीगाळीचे वा धमकीचे संदेश आढळले, आणि त्यांतले सुमारे ४० टक्के पैजेत पैसे गमावलेल्या जुगाऱ्यांचे होते. आपल्या हरण्यावर कोणा अनोळखी माणसाचा पगार बुडाला आणि तो आपल्या आईला शिव्या घालतो आहे, हे वाचून झोपावयाचे आणि सकाळी विमान पकडावयाचे, हा विशीतल्या मुलामुलींचा दिनक्रम झाला आहे.

अशा ठिकाणी चॅप्लेन काय करतो? मराठी प्रॉटेस्टंट समाजात धर्मोपदेशकाला 'पाळक' म्हणतात आणि त्याच्या भाविकांना 'मंडळी'. टेनिसच्या पाळकाची मंडळी दर सोमवारी निराळी असते. सरावाच्या कोर्टांच्या कडेला उभे राहणे, भोजनगृहात रिकाम्या खुर्चीवर बसणे, ओळखीच्या चेहऱ्याला हात करणे, यांत त्याचा पुष्कळसा दिवस जातो. पाहणाऱ्याला तो रिकामटेकडा वाटावा. संध्याकाळी हॉटेलच्या एखाद्या खोलीत बायबलवाचन असते. कधी आठ जण येतात, कधी दोनच. दोघे-तिघे जमले तरी पुरे, ही ख्रिस्ती धर्मातली जुनी शिकवण येथे अक्षरशः उपयोगी पडते. अर्जेंटिनाचा एक, अमेरिकेची एक, आफ्रिकेतून आलेली एक, आणि सर्वांची मोडकीतोडकी इंग्रजी. वाचन अर्ध्या तासात आटोपते, कारण कोणाचा तरी सकाळी अकराला सामना असतो. खरे बोलणे त्यानंतर दाराशी उभे राहून होते. खांदा दुखतो आहे, वडील आजारी आहेत, प्रशिक्षकाला काढून टाकावे काय, घरी परत जावे काय. असल्या प्रश्नांना बायबलातले वचन फेकून उत्तर देता येत नाही. त्यामुळे बोलण्यापेक्षा ऐकणे हेच या माणसाचे मुख्य काम ठरते.

रविवारचा प्रश्न तर मुळाशीच जाऊन भिडतो. ख्रिस्ती माणसाचा उपासनेचा दिवस रविवार आणि टेनिसमध्ये अंतिम सामन्याचा दिवसही तोच. स्कॉटलंडचा धावपटू एरिक लिडेल १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी धावावयाचे नाकारून शंभर मीटरच्या शर्यतीला मुकला आणि पुढे चारशे मीटरचे सुवर्णपदक घेऊन आला. आजच्या टेनिसपटूने तसे केले तर त्याला अंतिम फेऱ्याच सोडाव्या लागतील. विंबल्डनने रविवारची मर्यादा बराच काळ सांभाळली. पुरुषांचा अंतिम सामना शनिवारी होई. १९७२ मध्ये पावसामुळे तो प्रथमच रविवारी खेळविला गेला आणि तो जिंकणारा स्टॅन स्मिथ हा नेमका श्रद्धाळू ख्रिस्ती निघाला. १९८२ पासून अंतिम सामन्याचा वार रविवारच ठरला. मधला रविवार पावसाने अडविले नाही तर सुटीचा असे, तोही २०२२ पासून खेळाचा झाला. विंबल्डनच्या टेकडीवर सेंट मेरी चर्चचा मनोरा कोर्टांवरून स्पष्ट दिसतो, पण उपासनेच्या वेळी खेळाडू तेथे नव्हे, सरावाच्या कोर्टावर असतात. अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंचीही हीच अडचण होती. रविवारी सामने असल्याने त्यांना चर्चला जाता येईना, म्हणून १९७३ मध्ये वॉटसन स्पोएल्स्ट्रा या डेट्रॉइटच्या क्रीडापत्रकाराने खेळाच्या मैदानातच छोटी उपासना भरविण्याची व्यवस्था सुरू केली. पण तेथे प्रत्येक शहरात एक स्थानिक पाद्री नेमून भागते. टेनिसमध्ये पाद्र्यालाच पारपत्र घेऊन हिंडावे लागते.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. विजयासाठी प्रार्थना करावी काय? १९८९ मध्ये पॅरिसला सतरा वर्षांचा मायकेल चँग फ्रेंच स्पर्धा जिंकला. चौथ्या फेरीत पायांत गोळे आलेले असताना त्याने अव्वल क्रमांकाच्या इव्हान लेंडलला पाच सेटमध्ये हरविले, आणि त्यात एकदा खांद्याखालून सर्व्हिस करून सर्वांना चकित केले. विजयानंतर त्याने येशू ख्रिस्ताचे आभार मानले, तेव्हा पॅरिसच्या प्रेक्षकांत नाराजीही उमटली. त्याचा समवयस्क प्रतिस्पर्धी आंद्रे आगासी याने २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हा विषय काढला आहे. परमेश्वर टेनिसच्या सामन्यात पक्ष घेतो आणि तोही आपल्याविरुद्ध, ही कल्पनाच त्याला झोंबली होती. आगासीचा राग समजण्याजोगा आहे. चँगच्या बाजूनेही हे म्हणता येईल की आभार मानणे म्हणजे पक्षपाताचा दावा करणे नव्हे. पंढरीचा वारकरी पीक चांगले आले तर विठ्ठलाचे नाव घेतो, म्हणून शेजाऱ्याचे पीक विठ्ठलाने बुडविले असे तो म्हणत नाही.

चॅप्लेनला मात्र हा वाद पुस्तकात वाचून सोडून देता येत नाही. काल संध्याकाळी एकाच बायबलाभोवती बसलेले दोघे आज एकमेकांसमोर उभे ठाकतात. त्याने कोणासाठी हात जोडावेत? यातून वाट काढण्याची रीत अशी, की विजय मागावयाचाच नाही. दोघांना इजा होऊ नये, दोघांचे मन शांत राहावे, हरणाऱ्याने स्वतःला कवडीमोल समजू नये, एवढेच मागावयाचे. या शेवटच्या मागणीतच त्याच्या कामाचा सारा अर्थ आहे. खेळाडूभोवतालचे प्रत्येक माणूस कळत नकळत त्याच्या जिंकण्यावर जगत असते. प्रशिक्षकाचे, अंगमर्दकाचे, प्रतिनिधीचे, कधीकधी आईबापांचेही घर त्यावर चालते. चॅप्लेनचा निर्वाह सामान्यतः चर्च, मिशन किंवा देणगीदार यांच्यावर चालतो. खेळाडू पहिल्या क्रमांकावरून शंभराव्या क्रमांकावर घसरला तरी त्याचे काही बिघडत नाही. म्हणूनच त्याच्या "कसा आहेस?" या प्रश्नाला खरे उत्तर मिळण्याची शक्यता असते.

पण हा विश्वास ठेवणे सोपे नाही, आणि सांभाळणे त्याहून कठीण. कोणाचा घोटा सुजला आहे, कोण रात्रभर झोपला नाही, ही माहिती आज पैजांच्या बाजारात पैशाची आहे. टेनिसच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांप्रमाणे खेळाडूच्या परिवारातले म्हणून ज्यांना प्रवेशपत्र मिळते त्या सर्वांवर बंधने आहेत. आतली बातमी बाहेर देणे गुन्हा आहेच, शिवाय दुसऱ्याच्या गैरव्यवहाराची माहिती वा शंका असल्यास ती कळविणेही कर्तव्य आहे. समजा, खालच्या स्तरावरच्या एखाद्या कर्जबाजारी खेळाडूने पाद्र्यापाशी येऊन सांगितले की एक सेट मुद्दाम हरण्याचे पैसे आपण घेतले. कॅथलिक पाद्र्याला पापनिवेदनाचे गुपित कोणत्याही परिस्थितीत फोडता येत नाही. टेनिसमध्ये फिरणारे बहुतेक चॅप्लेन प्रॉटेस्टंट असतात. गुप्ततेची नैतिक जबाबदारी त्यांच्यावरही असते, पण गळ्यात स्पर्धेचे प्रवेशपत्रही असते. अशा वेळी खेळाडूला हाताशी धरून त्याच्याच पायांनी अधिकाऱ्यांपर्यंत नेणे, यापलीकडे स्वच्छ मार्ग दिसत नाही. आणि तो न आला तर या पाद्र्याची रात्र कशी जाईल याची कल्पनाच करावी.

धर्मोपदेशकाने खेळाच्या आवारात यावेच का, असा आक्षेपही आहे, आणि तो केवळ नास्तिकांचाच आहे असे नाही. इंग्लंडच्या क्रिकेट संघाबरोबर अँड्र्यू विंगफील्ड डिग्बी हे धर्मोपदेशक १९९० नंतरच्या काही वर्षांत असत. १९९४ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष झालेल्या रे इलिंगवर्थ यांनी ती प्रथा बंद केली. कसोटी खेळाडूला असा आधार लागू नये, असा त्यांचा रोख होता. कणखर माणसाला ते शोभले, पण कणखरपणाचे हे तत्त्वज्ञान पुढच्या काळात फारसे टिकले नाही. २०२१ मध्ये नाओमी ओसाका हिने पॅरिसची स्पर्धा मध्येच सोडली आणि आपल्याला नैराश्याने ग्रासले असल्याचे सांगितले, तेव्हा अव्वल खेळाडूलाही आधार लागतो हे सर्वांसमोर आले. तिच्यासारख्यांसाठी आज स्पर्धांतून मानसोपचारतज्ज्ञ असतात. त्यांचे काम ते, पाद्र्याचे हे. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये, हे दोघांनाही समजलेले बरे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. थकलेला, हरलेला, घरापासून दूर असलेला तरुण म्हणजे धर्मप्रसारकाला आयता सापडलेला माणूस, अशी शंका येणे गैर नाही. महिलांच्या स्पर्धांत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीही असतात. अशा मुलीशी कोणाही प्रौढाने, मग तो पाद्री का असेना, एकांतात बोलत बसणे आज योग्य मानले जात नाही. ऑलिंपिक ग्रामात यावर एक तोडगा आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ख्रिस्ती, इस्लामी, ज्यू, हिंदू व बौद्ध अशा पाच धर्मांच्या प्रतिनिधींना एकाच केंद्रात जागा दिली होती. ज्याला हवे त्याने यावे, कोणी कोणाच्या मागे जाऊ नये. टेनिसच्या फिरत्या जगात हिंदू, मुसलमान वा बौद्ध खेळाडूसाठी अशी कायमची सोय नाही. हे व्यंग मान्य केले पाहिजे.

आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या आतही एक भेग आहे. मार्गारेट कोर्ट यांनी एकेरीच्या २४ ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या, १९७० मध्ये एकाच वर्षी चारही जिंकल्या, आणि निवृत्तीनंतर त्या पाळक होऊन त्यांनी १९९५ मध्ये पर्थ येथे चर्च स्थापन केले. खेळाडू आणि पाळक ही दोन्ही नाती त्यांच्या एकट्यांत एकवटली. पण समलिंगी विवाहाविरुद्ध त्यांनी २०१७ मध्ये जाहीर भूमिका घेतली तेव्हा, ज्या खेळाच्या उभारणीत बिली जीन किंग आणि मार्टिना नवरातिलोवा यांचा मोठा वाटा आहे, त्या खेळात खळबळ उडाली. मेल्बर्नमधील त्यांच्या नावाच्या कोर्टाचे नाव बदलावे अशी मागणी झाली. फिरत्या चॅप्लेनपुढे हा प्रश्न व्यासपीठावर नव्हे, भोजनगृहात येतो. त्याच्या पंथाला मान्य नसलेले जीवन जगणारी एखादी खेळाडू रडत त्याच्या टेबलाशी बसली, तर तो खुर्ची पुढे सरकवितो की नाही, यावर त्या आवारात त्याची किंमत ठरते.

या मंडळीतून माणसे गळतात तीही लवकर. अँड्रिया जेगर ही अमेरिकेची मुलगी १९८० च्या सुमारास पोरवयातच जगातल्या पहिल्या दोघींत पोचली होती. १९८३ मध्ये ती विंबल्डनच्या अंतिम फेरीत खेळली, आणि पुढे लवकरच खांद्याच्या दुखण्याने तिचा खेळ संपला. कर्करोगग्रस्त मुलांच्या सेवेत तिने स्वतःला वाहून घेतले आणि २००६ मध्ये अँग्लिकन पंथाच्या डॉमिनिकन संघात तिने जोगीण म्हणून दीक्षा घेतली. सर्वांनाच अशी वाट सापडत नाही. तिशीच्या आत हातातली रॅकेट सुटते, ओळख पुसली जाते, आणि पंधरा वर्षे फक्त चेंडू मारलेल्या माणसाला आपण कोण हे नव्याने शोधावे लागते. पाद्र्याकडे येणारी पत्रे आणि दूरध्वनी यांत अशा माजी खेळाडूंचा भरणा असतो.

स्पर्धेच्या शेवटच्या रविवारी चॅप्लेनपुढे दर वेळी एक साधा पेच उभा राहतो. अंतिम सामना आज दुपारी आहे, आणि त्यात खेळणाऱ्यांपैकी एखादा त्याच्या वाचनवर्गाला येणारा असू शकतो. पण पुढच्या गावी पात्रता फेरीचे सामने आधीच सुरू झालेले असतात. तेथे आठवडाभरापूर्वी पहिल्याच फेरीत हरलेले चार-दोन जण रिकाम्या बाकांसमोर पुन्हा खेळावयास उतरलेले असतात. अंतिम सामन्याला हजारो प्रेक्षक, राजघराण्यातले पाहुणे आणि साऱ्या जगाचे कॅमेरे असतात. त्या दुपारी चॅप्लेन बहुधा विमानतळाच्या वाटेवर असतो.